नालेसारखा खेकडा

शेणवा गावच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या दिपालीच्या पुढ्यात माळकरी आजोबा आणि त्यांची नात पिंकी बसली होती. आजोबांच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं, वर चुना फासलेला. सुईची वाट बघता बघता पिंकीने शाळेत शिकलेलं सांगितलं, की सुईचं औषध तपासायला खेकड्याचं रक्त लागतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

“खेकड्याचं रगत? मंग मी सुई नाय घेत. माळ घातल्यापासून चिंबोरी शिवलो नाय.”

“सुईत नसतं ओ आजोबा,” पिंकी म्हणाली. “कारखान्यात औषधाचा नमुना काढतात, त्यात टाकतात. जंतूचं विष असलं तर रक्त गोठतं. मग ते सगळं औषध फेकून देतात.”

“कुठला गो हा खेकडा?”

“समुद्रातला, घोड्याच्या नालेसारखा. रक्त निळं. जखमेतून जंतू शिरला की रक्त गोठून त्याला जागीच कोंडतं.”

“त्याला सुई कोण देतो?”

“कोणीच नाय. त्याचं उपजतच असतं.”

“आन रगत काढल्यावर?”

“परत समुद्रात सोडतात.”

“जगतात?”

“बरेच जगतात. थोडे मरतात.”

“मंग माझ्यापायी एखादा मेला म्हणायचा.”

“तुमी सुई नाय घेतली तरी तो मेलाच ना? वर तुमीपण जाल.”

“वकील झाली गो तू.”

आतून हाक आली. आजोबा उठले, नर्सबाईंपुढे बाही वर सारून बसले.

“सगळी टोचा, बाय. थेंब सांडू नका. कुणाचं तरी रगत गेलंय ह्या सुईपायी.”