बेटावरचे आबा

मालूबाई : तुझ्या पोराले काही रीत राहिली नाही, शोभा. महिन्यात दुसऱ्यांदा देवघरात शिरला. भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला, हार बाजूले सारला, मोबाइलमध्ये टिपला न् परत लावला तो वाकडा. मी विचारलं, आबा आज कुठं चालले रे. तर म्हणे, पॅसिफिकमध्ये.

शोभा : काम आहे त्याचं, आत्याबाई. तिकडं समुद्रात बेटांचा एक देश आहे, तिथं नवा पक्ष निघालाय. त्यांची पोस्टरं तो इथं घरी बसून बनवतो. पहिल्यांदाच असं टिकाऊ काम लागलंय हाताला.

मालूबाई : केवढा पक्ष?

शोभा : लहानच आहे. गौरव म्हणत होता, सगळे एका छोट्या हत्ती टेम्पोत बसतात.

मालूबाई : मग पक्ष कायले म्हणतात? एवढ्यात तर साखरपुड्याले जातात लोक. आणि त्यात आपल्या घरचं माणूस कायले बसवलं?

शोभा : हा आलाच बघा. त्यालाच विचारा.

गौरव : अगं आजी, डिझाइनचा रूल असतो. आपल्याकडं बॅनरवर वरती गोलात गेलेले मोठे लोक असतात ना? खाली हात जोडून उमेदवार. गोल नसला तर बॅनर एकदम सुना लगता है. त्यांचा पक्ष नवा, मतलब अजून गेलेलं कोणीच नाही. तर नमुना म्हणून मी आबांना टाकलं. वाटलं, बदलतील. त्यांनी तसंच छापलं.

मालूबाई : म्हणजे त्यांच्यात मेलेलं कोणी नव्हतं, म्हणून तू घरचा उसना दिला.

गौरव : सगळ्या बेटावर लागलेत आबा. नारळाच्या झाडांवर. खाली नाव पण आहे, ग्रेट मोतीलाल.

मालूबाई : जन्मभर मी त्यांचं नाव तोंडात घेतलं नाही. न् तू ते नारळाले ठोकलं.

शोभा : आता झालं ते झालं, आत्याबाई. पुढचं ऐका त्याचं.

गौरव : त्यांच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, हे कोण. तर मी लिहिलं की तापीकाठचे थोर नेते होते. शेतकऱ्यांसाठी पक्ष काढला.

मालूबाई : त्यांनी? बागेतलं गवत सोडून त्यांनी आयुष्यात काही काढलं नाही. निवडणूक सरली की सगळ्या पक्षांचे पडलेले झेंडे गोळा करून आणायचे, न् ऊन लागू नये म्हणून केळीच्या घडांले गुंडाळायचे. त्या बागेत सगळे पक्ष एका रांगेत गुमान उभे राहायचे. दिल्लीत नाही जमलं कोणाले.

गौरव : बाईंना त्यांचा चेहरा फार आवडला, आजी. म्हणाल्या, ह्या डोळ्यांत दूरदृष्टी दिसते.

मालूबाई : मोतीबिंदू होता तो. दूरचं सोड, ताटातली चटणी दिसत नव्हती.

शोभा : मूळ अडचण सांग ना त्यांना, गौरव.

गौरव : विरोधी पार्टीवाले बोलतायत, असा माणूस झालाच नाही. उद्या त्यांची पहिली मोठी सभा. बाईंना आबांच्या पत्नीचा व्हिडिओ पाहिजे. एकच मिनट, आजी. बोल की यांचं स्वप्न तुम्ही पुरं करा. खाली इंग्लिश मी लिहितो. नाही गेला ना व्हिडिओ, तर त्यांची सभा बसली आणि माझं काम पण.

शोभा : टाका ना बोलून. समुद्रापलीकडं कोण येतंय बघायला? आपल्या राजपुऱ्यात तर कोणाला कळणारसुद्धा नाही.

मालूबाई : मले कळेल ना. बरं, धर तो मोबाइल. पदर नीट घेऊ दे. झालं का सुरू?

(गौरव मोबाइल समोर धरतो.)

मालूबाई : राम राम, बाई. तुमच्या झाडावर आहेत ते माझे मालक. नेते नव्हते. कोणत्याच पक्षात गेले नाहीत. मत मागायले कोणी आला की ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे, न् विचारायचे, मागच्या खेपेले काय बोलून गेला होता ते सांग. सांगता येत नव्हतं कोणाले. पाणी पिऊन उठायचे. तुमचा पक्ष नवा आहे, तुमची मागची खेपच नाही. बाई, एवढं चांगलं नशीब पुढाऱ्याले एकदाच मिळतं. मेलं नाही कोणी तर गोल रिकामा ठेवा, त्यात लाज कसली. आमचं माणूस तेवढं उतरवून ठेवा. उन्हात राहायची सवय होती त्यांले, पण टांगून राहायची नव्हती. बंद कर रे.

गौरव : आजी, हे कसं पाठवू?

मालूबाई : जसं बोलली तसं.

गौरव : खाली इंग्लिशमध्ये थोडं वेगळं लिहितो. तुझी भाषा तर त्यांना समजणारच नाही. फक्त आशीर्वादाचं लिहितो, बस.

शोभा : गौरव, तसं नको रे.

गौरव : तू आत्ता तर म्हणत होतीस, टाका बोलून.

शोभा : तेव्हा त्या बोलल्या नव्हत्या.

गौरव : आणि काम गेलं तर? तुम्ही दोघी बघा मग. आजी, समज, नाहीच पाठवलं मी असं. काय होईल?

मालूबाई : काय व्हायचं. आधी तो फोटो सरळ लाव. मग मोबाइल घे न् काय ते ठरव. जसं बोलली तसं गेलं, तर तू माझा नातू, काम असो नसो. एक अक्षर बदललं, तर तू उमेदवार झाला. न् उमेदवाराले ह्या घरात ओसरीवर पाणी मिळतं, गौरव. ताट नाही.