चाळिसाव्या दिवसाचा चहा

मुलांनो, होदन आमच्या बर दुबईच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, मीना बाजारात कापड विकते. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की इंग्लंडात तुमच्या वर्गात सोमाली मुलं आहेत आणि त्यांच्याबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणून तिचं बोलणं उतरवून पाठवते. ती हिंदीत बोलली, मराठी माझं. – आजी

मी मोगादिशूची, दीदी. वडील शिंपी. हिंदी मी सिनेमे बघून शिकले, गाणी आधी पाठ झाली, अर्थ इथल्या तुमच्या शिंप्यांनी सांगितले. मग लढाई आली, कबिल्यावर कबिला उठला, माझा धाकटा भाऊ पीठ आणायला गेला तो रस्त्यातच मारला गेला, कुठल्या लोकांनी मारला ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही नवराबायको कसेबसे इंग्लंडला पोचलो, एका बंदराच्या गावात, पाचव्या मजल्यावर घर मिळालं, लिफ्ट कायम बंद.

वर सहाव्या मजल्यावर सफिया राहायची. तीही आमच्याच देशाची. काय सांगू तुम्हाला, बहीण काय करेल असं तिने केलं. आमच्यात बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही, हे तुमच्यातही आहे म्हणालात ना, तर माझी हिबा झाली तेव्हा ते चाळीस दिवस सफियाने काढले, बाळाला अंघोळ तिने घातली, धूप तिने दिला, माझं जेवण तिने केलं. आणि इतक्या दिवसांत तू कोणाची, हे तिने विचारलं नाही, मी विचारलं नाही. बापाचं, आज्याचं नाव विचारलं की आमच्यात कबिला लगेच कळतो, म्हणून त्या इमारतीतल्या कुठल्याच बाईने कुणाला आज्याचं नाव विचारलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या पाळायच्या.

काय? आम्ही दोघी कुठल्या कबिल्याच्या? दीदी, पेन खाली ठेवा. तुम्हीसुद्धा? चार वर्षं माझ्या हातचा चहा पिताय आणि तुम्हीसुद्धा? ते लिहायचं नाही. खलास.

तर जॅनेट. गोरी बाई, आमच्यासाठी तिथे जे केंद्र होतं त्यात मदतीला यायची. तिथे राहायच्या परवानगीचे माझे कागद तिनेच भरले, त्यासाठी भावाचं सगळं तिला सांगावं लागलं, सांगताना मी रडले, तीही रडली. आणि एकदा रडली म्हटल्यावर तिला वाटलं की आमचं घर तिचंच झालं. दार न वाजवता आत यायची, बूट घालून गालिच्यावर, पातेल्याचं झाकण उचलून वास घ्यायची, माझ्या डोक्यावरची ओढणी हाताने नीट करायची, माझी! आणि शिकून आलेला एक शब्द, अबायो, म्हणजे बहीण. अबायो, आज काय शिजवलं? अबायो, नवरा मारतो का गं, मला सांगू शकतेस. अंगावर पाल पडावी तसं व्हायचं मला. पण कागद तिच्या हातात, मग हसायचं.

चाळिसाव्या दिवशी बायका जमल्या. सफियाने वेलची, दालचिनी घालून दुधाचा चहा केला, बाळ तिच्याच मांडीवर होतं. जॅनेट न बोलावता आली. हातात वही, वहीत आमच्या सगळ्या कबिल्यांचं झाड काढलेलं, कुठल्या तरी पुस्तकातून. एकेकीला विचारत सुटली, तू कुठल्या फांदीवर? सगळ्यांनी कप तोंडाला लावले, सफियानेही. तर ही म्हणते, थांबा, मला माहीत आहे, सफियाचाही फॉर्म मीच भरला ना, आणि घेतलं की हो तिच्या कबिल्याचं नाव! मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणते, होदन, तुझ्या भावाला मारणारे हेच लोक ना? आणि तरी तुम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या! किती सुंदर!

सुंदर म्हणे.

सफियाने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, अर्धा चहा तसाच सोडला आणि वर गेली. पुन्हा आली नाही. आणि खोटं कशाला बोलू, वर एकच मजला, अठरा पायऱ्या, त्या मीही चढले नाही. भावाचा चेहरा समोर यायचा. त्या बाईची किळस येते मला, पण त्या अठरा पायऱ्यांची लाज जास्त येते. आठवड्याने जॅनेट केक घेऊन आली, माझ्या गळ्यात पडून रडली, मला फार वाईट वाटतंय अबायो, आणि मीच तिची पाठ थोपटत बसले!

पुढे नवऱ्याला इथे दुबईत, हमरिया बंदरावर गोदामात काम मिळालं, मी म्हटलं यल्ला, चला, आजच निघू. इथे मला कुणी बहीण म्हणत नाही, गिऱ्हाईक भाव विचारतं नि जातं, बरं वाटतं. हिबा आता इंग्रजीत विचारते, मम्मी, व्हॉट आर वी? मी म्हणते, जेव.

आणि गेल्या महिन्यात दुकानात सफिया उभी. मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला आलेली. केस पांढरे झालेले. मी ठाण उलगडत राहिले. ती म्हणाली, हिबा केवढी झाली? मी म्हटलं, माझ्या खांद्याला लागते. चहा घेणार? हो म्हणाली. मी शेजारच्या टपरीवरून नाही मागवला, मागच्या शेगडीवर स्वतः केला, वेलची, दालचिनी घालून. बसून प्यायली. कप खाली ठेवला तेव्हा मी आत पाहिलं, तळाशी नुसती चहापत्ती.

तुमच्या नातवंडांना लिहा दीदी, देव त्यांना भरपूर आयुष्य देवो. त्या सोमाली पोरांच्या घरी जावं, बूट बाहेर काढावेत, देतील ते पोटभर खावं. आणि गप्प बसावं.