आमच्या प्लॉटवरचा चहा

तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्ही दोघं महिनाभर मरणावर बसून चहा पीत होतो. मी आणि नवरा, दोघंही आर्किटेक्ट. हिंगणघाटात बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलमागचा कचऱ्याचा प्लॉट आम्ही स्वतःचं घर बांधायला घेतला. कचरा उपसला आणि मधल्या सपाट जागेवर खुर्च्या टाकून रोज नकाशावरून भांडायचो.

एका सकाळी शेजारच्या कमलाकाकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "बाप्पा, विहिरीवर बसून काय करून राह्यले?"

"कोणती विहीर, काकू?"

"तुमच्या खुर्चीखालची."

नवरा हसला. मला हसू येईना. आम्ही हळूच बाजूला झालो. त्याने लांबूनच लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, मारली. वरची माती आणि सडकी फळी फोडून सब्बल त्याच्या हातातून निसटली. दोन सेकंदांनी खोल खालून पाण्याचा आवाज आला.

पहिला नकाशा तिथेच फाडला. आज विहीर अंगणात आहे, वर जाळी आहे. पण काकूंचं त्या दिवशीचं उत्तर आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

"काकू, इतके दिवस सांगितलं काऊन नाई?" नवरा ओरडला होता.

"मले वाटलं, तुमी एवढे शिकलेले, खालून पक्की केली असन!"