साबणाच्या वडीत एकच भोक

नाही उस्ताद, रायफलची पेटी इतक्यात उघडू नका, आधी बसा इथे — त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, ही गाडीची काढलेली सीट आहे ना, तिच्यावर बसा. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ झालंय. दुकानात म्हणालात, फोनवर म्हणालात, आता माझ्या गॅरेजमध्ये येऊनही तेच — रायफलला काही झालेलं नाही. बरं. रायफलला काही झालेलं नाही, मुलीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तेही तपासून आणले, मग माझ्या धाकटीचे छर्रे, जे मागच्या वर्षापर्यंत कागदाच्या मधोमध बसत होते, ते आता शिंतोडे उडाल्यासारखे चहूकडे का पडतात? सांगा ना. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणू नका — माझी मुलगी नाचते, अंगणच वाकडं आहे, आणि ते अंगण मी तुमच्याच दुकानातून घेतलंय. रविवारी नेमबाजीची निवड चाचणी आहे. इतकी वर्षं जिच्यासाठी घासली ती चाचणी. आणि काल संध्याकाळी पोरगी तोंड वर करून सांगते, बाबा, मी रविवारी जाणार नाही. रायफलही नको म्हणते. विकून टाका म्हणते.

म्हणून म्हटलं, उगाच तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा उस्तादांना डोळ्यांनीच दाखवावं. हे सगळं तुमच्यासाठी मांडून ठेवलंय. तो पत्र्याचा डबा बघा — आधी त्याच्यावर मारून बघितलं, तर छर्रा आरपार, आता आरपार गेल्यावर जोर किती होता ते कसं कळणार? मग ती फळी घेतली, तर एका जागी लाकूड मऊ, शेजारी गाठ, गाठीवर लागलेला छर्रा उलटा येऊन माझ्या चपलेवर पडला. मग ओली रद्दी बांधली दोरीने — बायको म्हणाली, या वयात कागदाचा लगदा करायला बसलात, शाळेत घालू का परत? हसा, हसा, तीही हसली. पण शेवटी साबण सापडला. कपड्यांचा साबण, ही लांब वडी. टोकाकडून मारायचं, भोकात विणायची सुई घालायची, अडेल तिथे बोट धरायचं — छर्रा किती आत गेला ते कळलं. चार गोष्टी आम्हालाही सुचतात, उस्ताद. घरातला साबण मात्र सगळा संपला. परवा बायको धुणं धुताना एकदम ओरडली, शर्टाच्या खिशातून शिसं निघालं म्हणून, तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते.

तर आता नीट बघा. ही वडी माझी. पहिले सगळे मी मारले, रायफलचा हवेचा सिलिंडर गच्च भरलेला असताना. नेम सोडा माझा, भोकं कुठेही असू देत — एक या कोपऱ्यात, एक त्या, एक तर कड फोडूनच गेलंय — पण सुई घाला, घालून बघा, प्रत्येकात बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत जाते. जाते ना? आता ही दुसरी वडी. ही तिची. माझ्यानंतर लगेच, तीच रायफल, तेच छर्रे, तेच अंतर. घाला सुई. नखभरच गेली की नाही? लगेच अडली. म्हणजे काय झालं — मी मारेपर्यंत हवा धरून होती, तिची पाळी आली तोवर गळून गेली. हवा अडवणारा वॉशर गेलाय, उस्ताद, दुसरं काही नाही. जोरच नाही तर छर्रा सरळ कसा जाईल? आणि तुम्ही म्हणता ठणठणीत.

काय? किती मारले तिने? पाच. पाचच दिले होते मी हातात मोजून. हो, दिसतंय मला भोक एकच आहे ते, आंधळा नाही मी. बाकीचे चार गेले मागे छर्रे अडवायला टांगलेल्या त्या जुन्या गादीत. एवढी हाताएवढी वडी, आणि पाचातला एक लागला, तोही नखभर. तेच तर रडगाणं आहे माझं. गादीत शोधायचं? त्या गादीत आजवरचे इतके छर्रे आहेत की विकली तर भंगारवाला तिचे जास्त देईल, त्यातले कालचे कोणते ते काय ओळखणार? मी बाहेरच्या फाटकावरून परत आलो, बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चार? चार बाहेर? साबणाची वडी लागत नाही तुला, रविवारी जाऊन काय आमची अब्रू घालवणार आहेस? ती काहीतरी सांगणार होती, तोंड उघडलं होतं तिने. मी म्हटलं, राहू दे, कारणं नकोत. मग तिने रायफल पुसली, पेटीत ठेवली, कड्या लावल्या — शांतपणे हं, आदळआपट नाही — आणि म्हणाली, मी जाणार नाही. तुम्हाला सांगतो, आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

आणि बायको मलाच दोष देते. म्हणे तुम्ही तिच्या मागे जाऊन उभे राहता. उभा राहतो, मग? बापाने उभं नाही राहायचं तर कोणी राहायचं? बोलतसुद्धा नाही मी. शपथेवर सांगतो, एक अक्षर बोलत नाही. मागे उभा राहतो, दुर्बिणीतून बघतो, आणि छर्रा बाहेर गेला तर — आता जीभ आहे, होतं एखादं च्च. मुद्दाम करतो का मी? बायको म्हणते, तुमचं ते च्च हल्ली छर्ऱ्याच्या आधी येतं. म्हणे तुम्ही गाडी शिकवता ना, तिथे तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तसा पोरीच्या मागेही तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच उभे असता. बोलायला काय जातं. तो ब्रेक नसता तर माझे निम्मे शिकाऊ खांबावर जाऊन चढले असते, हे तिला कोणी सांगावं? नाही, पूर्वी नव्हतो जात तिच्या सरावाला. पूर्वी तिची ती जायची, सायकलने. मागच्या वर्षी पदक आणलं ना तिने, तेव्हापासून जायला लागलो. वाटलं, आता गंभीरपणे घ्यायला हवं. आता एवढं चांगलं चाललेलं असताना लक्ष नको द्यायला? तुम्हीच सांगा. तुम्हाला मुली आहेत का? — असो.

अहो, मानेने नाही म्हणू नका, थांबा. तुमचा अजूनही विश्वास नाही ना? थांबा, वडीच कापतो. पाव कापायची सुरी आहे इथे, बायकोला सांगू नका. मधोमध उभी चिरतो, छर्रा कुठे अडकलाय ते तुमच्या डोळ्यांनीच बघा आणि मग मुकाट्याने वॉशर बदला. ही बघा — वरचा साबण कसा लोण्यासारखा कापला जातोय — इथवर आलं भोक, आणि इथे — इथे काहीतरी लागतंय. अजून लागतंय. साबणात खडे घालतात की काय हे लोक. जरा धरा त्या बाजूने. हं.

हे काय आहे.

नाही, हा एक. आणि हा त्याच्या मागे — याच्या पाठीत तो घुसलाय. आणि हा. तो चपटा झालाय, पण आहे. सगळ्यांत पुढचा तर मागच्यांच्या धक्क्याने पुढे सरकलाय, माझ्या कुठल्याही छर्ऱ्यापेक्षा आत. मोजा तुम्ही, माझे हात साबणाने बुळबुळीत झालेत. पाच आहेत ना? पाचच. म्हणजे सुई शिशाला अडत होती. भोक नखभर नव्हतं, भरलेलं होतं.

पाचही एका भोकातून, उस्ताद. तुमच्या उभ्या आयुष्यात बघितलंय का कुणी मारलेलं असं? मी नाही बघितलं. आणि मी तिला म्हटलं, वडी लागत नाही तुला. ती सांगत होती आणि मी म्हटलं, कारणं नकोत.

कुठे होतो म्हणजे? सांगितलं ना, फाटकावर. गाडी शिकायला येणाऱ्या एक बाई परीक्षेची तारीख विचारायला आल्या होत्या, त्यांना रिव्हर्सची फार भीती, त्या काही लवकर जाईनात. मी तिला म्हटलं, तू मार तोवर, मी आलोच. म्हणजे मी इथे नव्हतो. ती एकटी होती. एकटी असताना हे असं, आणि मी मागे असलो की शिंतोडे. वॉशर नाही गेलेला. काही गेलेलं नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतात ना, आणि मी तुम्हाला पंधरा वेळा तेच तेच बोलायला लावलं. लाज वाटते हो मला. रागही येतोय, पण आता कोणावर काढू तेही कळत नाही.

एक कराल? रविवारी तुमचं दुकान बंद असतं. तुम्ही न्याल तिला? सायकलने ही पेटी घेऊन एवढं लांब जायला नको. बाहेर बसा, आत जाऊ नका तिच्याबरोबर, आणि ते च्च — तुम्ही नाही काही करणार, मला ठाऊक आहे. ती वर आहे, खोलीत. ही पेटी न्या आणि ही चिरलेली वडी पण न्या. माझ्याच्याने आता वर जाववत नाही. मी गेलो की तिला वाटेल, आलेच परत सांगायला. तुम्ही सांगा, बाबांनी बघितलं. एवढंच. आणि सांगा, रविवारी बाबा येणार नाहीत, नंतरही नाहीत येणार, तू बोलावशील तेव्हाच. विचारलं, रागावलेत का, तर नाही म्हणा.

आणि हे ऐकून ती जर हसली, खूश झाली — तर तेवढं खाली येऊन मला सांगू नका. निघून जा तसेच, पुढच्या दाराने. जा ना आता, उस्ताद. मला हे सगळं आवरायचंय.