‘नाही’ टायपायचं ऱ्हायलं

...तर मग ‘योग्य’ म्हंजी काय वो पावणं? न्हाय, हसू नका, मला एकदा कुनीतरी सांगाच! बावीस वर्षं झाली ह्या ब्यांकेत शिपाई हाय मी, इमाम म्हनत्यात मला, ब्यांकेचं नाव तेवढं इचारू नका, माझी अजून तीन वर्षं ऱ्हायल्यात... तर बावीस वर्षांत कुठल्या साहेबाला च्यात साखर किती ते कळलं, कुठल्या फोनला ‘साहेब न्हाईत’ म्हनायचं ते कळलं, पन ह्यो ‘योग्य’ मानूस काय मला अजून दिसला न्हाय बगा. आनि दरसाल मार्चात आमच्या ब्यांकेतनं वरच्या ऑफिसला पत्र जायचं, तीन कार्बन लावून, खाली म्यानेजर साहेबाची सही: ‘योग्य उमेदवार मिळाला नाही.’ आनि ते पत्र टायपायचं कोन? उमेदवारच की! व्हय व्हय, बरूबर ऐकलासा. उमेदवारच!

आता ह्यो आकाराम म्हंजी कोन, तर गडहिंग्लजकडचा गडी, बी.कॉम. झालेला, गावात घर वेशीबाहेर, तुमी समजलासा. ब्यांकेत रोजंदारीवर टायपिस्ट. रोजंदारी म्हंजी काय, सहा वर्षं रोज जाताना इचारायचं, ‘साहेब, उद्या येऊ न्हवं?’ आनि साहेब मान वर न करता, ‘ये.’ सहा वर्षं! एवढ्यात लोकांचं लगीन हून पोरं शाळंत जात्यात, आनि ह्येचं अजून ‘उद्या येऊ न्हवं?’

तर शहाऐंशी साली मुंबईस्नं ट्रकातनं ह्यो कंपुटर आला. त्येला गार हवेची खोली काय, पडदं काय, दारात चपला काढायच्या, आत कुजबुजत बोलायचं... कंपनीचा मानूस चार दिस शिकवाय आलता, आनि आमचं क्लार्क? एकाची कंबार धरली, एकाचं डोळं चुरचुराय लागलं, एक म्हनतोय, ‘मी बोट लावनार आनि बिघडलं तर भरून कोन देनार?’ आनि आकाराम दारात हुबा राहून बगतोय, नुस्ता बगतोय... चौथ्या दिशी कंपनीवालाच म्हनला, ‘अरे, ये लडका चलाएगा!’ आनि चलवला की मर्दा त्येनं! तवापास्नं मशीन जरा अडलं की साऱ्या ब्यांकेत एकच हाक, ‘आकाराऽऽम! आरं ये की लौकर!’

मग जागा निघाली. संगणक चालक, जागा एक, आनि ती बी राखीव, म्हंजी आकारामसारख्यांसाठीच! गड्याला वाटलं, झालं आपलं काम. अर्ज टायपताना हसत हुता वो, मी बघितलाय. मुलाखतीला तिघं बसलं, चेअरमन, साहेब आनि एक डायरेक्टर. ‘गाव कुठलं? ...हां. गावात कुठं? ...हां हां. वडील काय करायचे? ...बरं.’ आनि ते ‘बरं’ म्हनून तिघांनी एकमेकाकडं बघितलं. मशीन चालवनाऱ्याला मशीनचं एक अक्षर इचारलं न्हाय! भाईर आला तर साहेब पाठोपाठ, लई गोड आवाजात, ‘आकाराम, मनाला लावून घेऊ नकोस हं, तू आमचाच आहेस. बस जरा, एक पत्र घे. कार्बन तीन लाव.’ आनि सांगाय लागलं: ‘योग्य... उमेदवार... मिळाला... नाही.’ आकारामची बोटं थांबली. ‘नाही. टाईप कर ना. नाही!’ केलं त्येनं. पाकीट मी डकवलं. तिकीट बी मीच लावलं... माझ्याच थुक्कीनं लावलं, पावणं.

गावाकडं त्येची आई, धोंडुबाई, तिला काय सांगनार? सांगितलं, ‘मानूस मिळंना म्हनत्यात.’ म्हातारी म्हनली, ‘आगं बया! मिळंना कसा? तू हाईस की! त्यास्नी सांगितलास का, मी हितंच हाय म्हनून?’ आता हसावं का रडावं, तुमीच सांगा. आनि खरं हाय न्हवं म्हातारीचं? रोज नऊच्या ठोक्याला त्येंच्याच म्होरं हुबा असायचा की त्यो!

दुसऱ्या साली खंडेनवमी आली. ब्यांकेत मशिनीची पूजा. साहेब म्हनलं, ‘आकाराम, तू जरा बाहेरच थांब, गर्दी होते.’ गर्दी! चार मानसं आनि एक नारळ! थांबला गडी दारात, हात बांधून. आत चेअरमननं हळद-कुक्कू असं मायंदाळ वाहिलं की बटनांच्या फटीत गेलं, वर नारळाचं पानी, आनि मशीन गप्प! ठार गप्प! मग काय, ‘आकाराऽऽम!’ पूजेला शिवायचं न्हाय, पन आतड्यात हात घालाय चालतो! चार तास बसला, रंगाच्या बारक्या ब्रशनं एकेक बटन पुसलं त्येनं. बोटं लालपिवळी. मशीन बोलाय लागलं. साहेब म्हनलं, ‘शाब्बास!’ आनि म्होरल्या मार्चात? म्हना की माझ्यासंगं... ‘योग्य उमेदवार मिळाला नाही.’ कार्बन तीन.

आता तिसरं साल म्हंजी शेवटचं. कायदाच तसा हुता, म्हनं: तीन वर्षं मानूस मिळाला न्हाय की राखीव जागा खुली, मग कुनाला बी द्या. आनि आकारामला तेहतीस पुरी हुनार, वयाची अट तितंच संपती. इकडं साहेबाचा भाचा सयाजी येऊन बसलेला, रोज आकारामच्या शेजारी खुर्ची टाकून, ‘ए, ह्याचं झाकण कुठनं निघतं?’ शिकवायचा कुनी? आकारामनंच! गडी वाळून काटकी झाला वो. डबा उघडायचा आनि तसाच मिटायचा.

तिसरी मुलाखत सात मिंटं. चेअरमननं इचारलं काय, तर ‘तू आत गेलास तर आमचं टायपिंग कोण करणार?’ हाय का आता! भाईर आला, बसला, तीन कार्बन घातलं. साहेबानं ह्या खेपंला सांगितलं बी न्हाय, ‘तेच ते, नेहमीचं,’ एवढंच. टायपलं. साहेबानं फोन कानाला धरूनच सही ठोकली. मी पाकीट टाकून आलो.

पंधरा दिसांनी वरनं उत्तर आलं. मी फोडलं आनि अल्लाची आन, कागुद उलटापालटा करून बगितला! ‘योग्य उमेदवार मिळाला, हे वाचून समाधान वाटले. रुजू झाल्याचा दिनांक कळवावा.’ पळत आकारामकडं गेलो. त्येनं चारदा वाचलं. मग कागुद टेबलावर ठिवून त्यावर हात फिरवत बसला आनि म्हनला, ‘इमामभाई, कुठंतरी एका कागदावर मी मिळालोय बगा.’ आनि डोळं भरलं गड्याचं.

साहेबाची हाक आली, पन ह्या टायमाला मशिनीसाठी न्हवं. ‘हे काय आहे?’

‘शब्द ऱ्हायला साहेब. शेवटचा.’

‘मुद्दाम?’

आकाराम म्हनला, ‘तीन वर्षं ह्येच टायपतोय साहेब. बोटंच म्होरं गेली न्हाईत.’

मला वाटलं साहेब आता खवळनार. न्हाय! साहेब हसलं! खुर्चीत टेकून बसलं आनि म्हनलं, ‘घे, पत्र घे. कार्बन तीन. टंकलेखकाच्या चुकीने “नाही” हा शब्द राहून गेला. सदर टंकलेखक हाच सदर जागेचा उमेदवार असून, यावरून तो योग्य नाही हे... लिही... आपोआप सिद्ध होते.’ बगा! तीन वर्षं कारन घावत नव्हतं, ते गड्यानं सोताच्या हातानं दिलं! आनि दुसरं कोन टायपनार, दुसऱ्या कुनाला येतंय? टायपलं त्येनं. एक बी चूक न्हाय. ‘नाही’ तर असं ठसठशीत की चौथा कागुद घातला असता तर त्यावर बी उठलं असतं. मग उठला, टायपिंगच्या मशिनीवर टोपन घातलं, आनि सहा वर्षांत पैल्यांदा ‘उद्या येऊ न्हवं?’ इचारलं न्हाय. आता गडहिंग्लजात एश्टी स्टँडाम्होरं टायपिंगचं मशीन घिऊन बसतोय, लोकांचं नोकरीचं अर्ज टायपतोय.

हिकडं जागा खुली झाली, आनि सयाजी गार खोलीत, चपला दारात. कंपुटर बंद हून चार म्हयनं झालं, क्लार्कांनी जुन्या वह्या काढल्यात. वरच्या ऑफिसला कारन कळवायचंय, पन टायपनार कोन? परवा साहेब सोताच बसलं, एका बोटानं. सकाळपास्नं बारापातूर दीड ओळ! घाम पुसत मला म्हनलं, ‘इमाम, हल्ली एक योग्य माणूस मिळत नाही रे कुठं!’

मी काय म्हननार, पावणं? तीन वर्षं ऱ्हायल्यात माझी. म्हनलं, ‘व्हय साहेब, न्हाय मिळत. द्या पाकीट, टाकून येतो.’