शोकवही परत मिळण्याबाबत रुजेरो लाबात्ते यांचा जबाब

नाव : रुजेरो लाबात्ते. वय : ७१ वर्षे. धंदा : निवृत्त (बंदर कार्यालयात नोंदणी कारकून). राहणार : घर क्रमांक १४, जाळीवाल्यांची गल्ली, जुने गाव, सान जर्वाझिओ.
ठिकाण : सान जर्वाझिओ पोलीस ठाणे. रविवार, दिनांक १५ जून, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

मी आज आपण होऊन ठाण्यात हजर झालो आहे आणि कोणाच्याही दबावाखाली न येता सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व पत्नी आसुन्ता राहत होतो. ती गुरुवारी दिनांक १२ रोजी सकाळी सहा वाजता इस्पितळात वारली. वय ६८. आता मी एकटा राहतो. मुलगा दोनातो, वय ४१, परदेशात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला आहे. नऊ वर्षे आमचे बोलणे नाही. त्यामागच्या कारणाचा या तक्रारीशी संबंध नाही. आईच्या निधनाची बातमी त्याला मी नव्हे, शेजारी राहणाऱ्या निकोलेत्ताबाईंनी कळवली.

शुक्रवारी सकाळी रिवाजाप्रमाणे गावातल्या भिंतींवर काळ्या चौकटीची पत्रके चिकटवली. त्यांत तिचे नाव, वय आणि शनिवारी दुपारी साडेचार वाजता घरापासून मोठ्या चर्चपर्यंत पायी अंत्ययात्रा, एवढाच मजकूर होता.

शनिवारी दाराबाहेर काळे कापड घातलेले टेबल मांडून त्यावर शोकवही व पेन ठेवले. येणारा त्यात नाव लिहून सही करतो. आमच्याकडे ज्याचे घरच्यांशी बोलणे तुटले आहे, तोसुद्धा येतो, सही करतो आणि आत न येता परत जातो. सही असली की तो आला होता असे धरतात. मग घरच्यांनी पुढे होऊन बोलायचे असते. सही नसेल तर विषय संपला.

माझ्या घरासमोर ओर्नेल्ला स्कारांजेल्ला, वय ४६, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देते. शनिवार-रविवारसाठी येणाऱ्यांना ती छापील कार्यक्रम देते. या वेळचा कागद सोबत जोडला आहे. त्यात पुढीलप्रमाणे लिहिले आहे : 'दहा वाजता तेलाचा घाणा. एक वाजता ऑक्टोपसचे जेवण. साडेचार वाजता जुन्या गावातील पारंपरिक मिरवणूक. स्थानिक कलाकार. प्रवेश मोफत.' स्थानिक कलाकार म्हणजे मी, माझा चुलतभाऊ व्हितो व शवपेटी उचलणारे इतर पाच जण.

सव्वाचार वाजता गल्लीत गवती टोप्या घातलेले चाळीस-पंचेचाळीस पाहुणे जमले. त्यांनी शोकवहीपुढे शिस्तीत रांग लावली. गावकरी त्यांच्या मागे उभे राहिले. साडेचारला शवपेटी बाहेर आली. आमच्यात त्या वेळी टाळ्या वाजवून निरोप देतात, तशा गावकऱ्यांनी वाजवल्या व थांबवल्या. पाहुण्यांनी थांबवल्या नाहीत. मागून कोणीतरी "पुन्हा एकदा!" असे ओरडले. तेव्हा व्हितो मला म्हणाला, "काय करायचं? परत आत नेऊन बाहेर काढू का हिला?" मी चालायला सांगितले.

वाटेत एका गृहस्थाने मला फोटोसाठी जरा डावीकडे सरकायला सांगितले. मी सरकलो. तुम्ही हे दर शनिवारी करता का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो.

दफन उरकून सात वाजता घरी आलो. टेबल होते, पेन होते, शोकवही नव्हती. थोड्या वेळाने निकोलेत्ताबाई दुःखाच्या घरी देतात तो रस्सा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "रुजेरोभाऊ, दोनातो आला होता हो. टोपीवाल्यांच्या रांगेत उभा होता बिचारा." मी विचारले, सही केली का? त्या म्हणाल्या, "ते नाही बघितलं. पुढे एक लठ्ठ बाई आली. आणि माझ्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे." निकोलेत्ताबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

आज सकाळी नऊ वाजता मी वहीची चौकशी करायला ओर्नेल्लाकडे गेलो. शोकवही न्याहारीच्या टेबलावर जर्दाळूच्या मुरंब्याशेजारी उघडी होती आणि एक पाहुणी तीत लिहीत होती. आमचे बोलणे असे झाले :

"ओर्नेल्ला, ही माझी वही आहे."

"काका, दाराबाहेर ठेवली होती, म्हणजे सगळ्यांसाठीच ना? अन् बघा तरी, तीस जणांनी अभिप्राय लिहून पाचपैकी पाच चांदण्या दिल्यात! काकूंना किती आनंद झाला असता!"

"तू मयत कार्यक्रमात छापलीस."

"खोटं काय छापलं, सांगा. मिरवणूक होती. पारंपरिक होती. पैसे घेतले का कुणाकडून?"

मी वही मागितली. पाहुणे जाईपर्यंत देणार नाही, जाहिरातीसाठी फोटो काढायचे आहेत, असे ती म्हणाली. पुढे म्हणाली, "नुसत्या नावांची पानं फाडून टाकलीत. त्यांत अभिप्राय नव्हता काही." दुपारी मी पुन्हा गेलो, तेव्हा दार बंद होते. म्हणून ठाण्यात आलो. माझी मागणी वही व फाडलेली पाने परत मिळावीत एवढीच आहे.

अंमलदारांनी फोन केल्यावरून ओर्नेल्ला ५ वाजून २५ मिनिटांनी वही व रद्दीची पिशवी घेऊन ठाण्यात आली. फाडलेली पाने मी अंमलदारांसमोर तपासली. एकूण ११२ सह्या आहेत. त्यांत दोनातोची नाही.

त्यानंतर मी वही चाळली. 'सुंदर, पण थोडे लांबले' आणि 'मुख्य कलाकार फारच संयमी' या अभिप्रायांच्या मध्ये दोनातोचे अक्षर आहे. मी ते ओळखतो. ओर्नेल्ला म्हणाली, "हो, याने चांदण्याच दिल्या नाहीत. हे पान मी जाहिरातीत घेणारच नव्हते."

चार ओळी आहेत. पहिल्या तीन त्याने आईला लिहिल्या आहेत, त्या येथे उतरवू नयेत. चौथी अशी आहे : 'बाबा, स्टेशनसमोरच्या खोलीत उतरलो आहे. रविवारी संध्याकाळी सहा चाळीसची गाडी.'

अंमलदारांनी समजावून सांगितले की, तक्रार कायम ठेवल्यास वही मुद्देमाल म्हणून जमा होईल व निकालापर्यंत ठाण्यात राहील. माझी ओर्नेल्ला स्कारांजेल्लाविरुद्ध तक्रार नाही. कोणाविरुद्धच नाही. वही मला द्यावी.

ठाण्यापासून स्टेशन पायी पंचवीस मिनिटांवर आहे. पाहुण्यांच्या सोयीसाठी शनिवार-रविवार जुन्या गावात वाहने बंद असतात.

जबाब वाचून दाखवण्याची गरज नाही, असे मी सांगितले. अंमलदार म्हणाले, "काका, वाचल्याशिवाय सही घेता येत नाही मला." मी म्हणालो, "मग भरभर वाचा." त्यांनी उभे राहूनच वाचला. मी ऐकला, सांगितले तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो. वही ताब्यात मिळाली. वेळ ६ वाजून ९ मिनिटे.

(सही) रुजेरो लाबात्ते