प्रेमा अक्कानं उलटा दाबलेला हात

पाळकसाहेब, पुढच्या खुर्चीवर बसलेल्या अक्काच्या आई, आपल्या अम्मा, आणि औराद, बसवकल्याण, बिदर, कुठून कुठून गुलबर्ग्याला आलेल्या माझ्या बहिणींनो, सगळ्यांना सलाम.

मी सुमन. राजेश्वर गावची. आता तिथल्याच शाळेत शिकवते. मला इथं दोन शब्द बोलायला सांगितलंय आणि शेवटची प्रार्थना करायला सांगितलंय. दोन शब्दांचं बघते. प्रार्थनेचं मागून सांगते.

आधीच सांगून टाकते, मी अजून रडले न्हाई. मंगळवारी सकाळी फोन आला. प्रेमा अक्का गेली. अंघोळ करून आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खुर्चीवर बसली आणि गेली. मी फोन ठेवला आणि दूध तापवलं. शाळेत गेले. चौथीचे पेपर तपासले. मातीला आले, सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली, हात धुतले, बसनं परत गेले. काहीच वाटायलं न्हाई मला. आतून सगळं बधिर झालंय. तुम्ही रडायलाव आणि मी तुमच्याकडं बघायलेय.

आता अक्काचं सांगते.

आम्ही घरचे ख्रिस्ती. आज्ज्यापासून. पण आमच्या घरात प्रार्थना कोण करायचं? बाबा. जेवायच्या आधी बाबा, निजायच्या आधी बाबा, कुणी आजारी पडलं तरी बाबाच. आम्ही भावंडं डोळे मिटून बसायचो आणि शेवटी आमेन म्हणायचो. अठरा वर्षं मी देवाशी एवढा एकच शब्द बोलले. तोसुद्धा बाबांच्या मागून.

मग कॉलेजला गुलबर्ग्याला आले. हॉस्टेलला. अक्का आमच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये कामाला होती. बाटल्या लावायची, नळ्या धुवायची, कुणी चुकीचं काही ओतलं तर लांबूनच ओरडायची. पहिल्या महिन्यात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "राजेश्वरची न्हाईस का तू? शनिवारी चारला ये घरी. आपल्या पोरी येत्यात."

मी म्हणाले, "तुमच्या घरी? कामून?"

"प्रार्थनेला. आणि 'अक्का' म्हणायचं, 'तू' म्हणायचं. 'तुम्ही' म्हणालीस तर सुसला मिळायचा न्हाई."

खरं सांगते, मी पहिल्यांदा सुसल्यासाठीच गेले. हॉस्टेलचं जेवून जीव विटला होता. चुरमुऱ्याचा तो भिजवलेला, लिंबू पिळलेला सुसला तुमच्यातल्या किती जणींनी खाल्लाय, हात वर करायला नको, मला दिसायलंय.

त्या दोन खोल्यांत दर शनिवारी दहा-बारा पोरी गोल करून बसायच्या. कुणी कन्नडमध्ये प्रार्थना करायची, कुणी तेलुगूत, कुणी आपल्या मराठीत. हातात हात धरायचे. एकीची प्रार्थना झाली की डावीकडची करणार. आणि जिला करायची न्हाई, तिनं काय करायचं? तिनं डावीकडचीचा हात हळूच दाबायचा. म्हणजे तुझा नंबर. कुणी विचारायचं न्हाई, कामून केली न्हाईस म्हणून. तुम्हाला सगळं माहीत हाय. पण ज्यांना माहीत न्हाई, त्यांच्यासाठी सांगायलेय.

मी दाबायची. पहिल्या शनिवारी दाबला. दुसऱ्या शनिवारी दाबला. अख्खं वर्ष मी हात दाबला, माझ्या बहिणींनो. आणि दर वेळी माझ्या डाव्या बाजूला कोण असायचं? अक्का. मुद्दाम येऊन बसायची. तिच्या उजव्या अंगठ्यावर अ‍ॅसिडचा पिवळा डाग होता, तो माझ्या हातात असायचा. मी दाबला की ती लगेच सुरू करायची, जसं काय तिचाच नंबर होता.

एकदा मला राहवलं न्हाई. मी विचारलं, "अक्का, तुला राग येत न्हाई का? मी नुसती खायला येते असं वाटत न्हाई?"

ती भांडी घासायलीती. म्हणाली, "खोटं बोलून प्रार्थना केलीस तर राग यील. हात दाबतीस, तो खरा दाबतीस. देवाला तेवढं कळतंय."

मग तो शनिवार आला. त्याच आठवड्यात अक्काचे वडील, अप्पा, गेले होते. अम्मा, तुम्हाला आठवत असंल. आम्हाला वाटलं, ह्या शनिवारी काही न्हाई. पण दार उघडं होतं. अक्का औरादहून सकाळीच आली होती. सुसला न्हाई, चहा न्हाई. गोल केला. सुरुवात तिनंच करायची होती, दर वेळी तीच करायची. आम्ही डोळे मिटून वाट बघितली. बघितली. आणि माझा हात दाबला गेला.

डावीकडून. उलटा.

मी डोळे उघडले. मला वाटलं, चुकून झालं. तिनं परत दाबला. अक्काला प्रार्थना करता यीना. जी आम्हाला शिकवायची, तिलाच यीना. आणि तिनं नंबर दिला कुणाला? जिनं वर्षभर तोंड उघडलं न्हाई, तिला.

मी काय म्हणाले, ते सांगते. "देवा, अक्काचे अप्पा गेले. अक्का काल धरून जेवली न्हाई. तिला जेवू घाल. आमेन." बस. बाबांसारखे मोठे मोठे शब्द एकही आले न्हाईत. पण ते माझे होते. माझ्या आयुष्यातली ती पहिली प्रार्थना. तिथून माझं आणि देवाचं बोलणं सुरू झालं. बाबांच्या मागून न्हाई, माझं माझं.

आम्ही उठून कांदा चिरला. अक्का जेवली.

नंतर मी भीत भीत विचारलं, "अक्का, तुझा विश्वास गेला होता का ग त्या दिवशी?"

म्हणाली, "न्हाई ग. माझ्याजवळचे शब्द संपले होते. तुझ्याजवळ हायत का, बघितलं."

सात दिवस झाले, मी हेच वाक्य धरून बसलेय. मंगळवारी रात्री गुडघे टेकले. काही आलं न्हाई. बुधवारी टेकले. काही न्हाई. नुसती डाव्या हाताची मूठ आवळली जायची, आपोआप. हातात कुणीच नसायचं. मला भ्या वाटलं. तिनं दिलेलं तिच्यासंगंच मातीत गेलं का? मी परत आमेनवाली झाले का? तुम्हाला काय वाटतंय, मला कळत न्हाई. मला तर काहीच वाटायलं न्हाई, आणि त्याचंच भ्या वाटायलंय.

पाळकसाहेब, माफ करा. शेवटची प्रार्थना मला जमणार न्हाई. चिठ्ठीवर लिहून आणली होती, चांगली लिहिली होती. ती खोटी हाय. अक्काच्या माघारी मी खोटी प्रार्थना करणार न्हाई.

म्हणून एक करूया. सगळे हात धरा. ज्यांचा धर्म वेगळा हाय, त्यांनी न्हाई धरला तरी चालतंय, धरला तर बरं वाटंल. मी खाली येऊन अम्मांच्या उजवीकडं बसते. अम्मा माझ्या डाव्या बाजूला. मी त्यांचा हात दाबणार. त्यांच्याजवळ शब्द असतील तर त्या बोलतील, नसतील तर पुढं दाबतील. कुणीच बोललं न्हाई, तर आपण तसंच गप्प बसू. एवढ्या लोकांत कुणाजवळ तरी असतील. आणि सगळीकडं फिरून माझ्याकडंच परत आला, तर मी तेवढंच म्हणंन, देवा, अम्मा जेवल्या न्हाईत.

अक्का, सलाम.

डोळे मिटा. अम्मा, हात द्या.